मी ५२ किलोंची, समोरचे ८६ किलोंचे

पत्राचा सारांश: चोविशीतली एक वाचक बँकेत नोकरी करते आणि दीड वर्षापासून संध्याकाळच्या बॅचला किकबॉक्सिंग शिकते. वजन ५२ किलो. पाच आठवड्यांनी लाइट कॉन्टॅक्ट, म्हणजे फटके आवरून मारायच्या प्रकाराची जिल्हा निवड चाचणी आहे. बॅचमध्ये तिच्या वजनाच्या दोन मुली होत्या. एकीचं लग्न झालं, दुसरीची बदली झाली. तेव्हापासून सर तिला दर शनिवारी ८६ किलोंच्या एका सहकाऱ्यासमोर स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला उभं करतात. हे ‘दादा’ स्वभावानं चांगले आहेत, पण क्लासला येऊन त्यांना सहाच महिने झालेत. सर म्हणतात, ‘यांच्यासमोर टिकलीस की तुझ्या वजनातली कुणीही सोपी जाईल.’ गेल्या शनिवारी दादांचा एक उजवा क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) हेडगियरवरून तिच्या कपाळावर बसला. ती पडली नाही, राउंडही पूर्ण केला. पण सोमवारपर्यंत डोकं दुखत राहिलं, बँकेत रोकड जुळवताना दोनदा गोंधळ झाला आणि मंगळवारी दोरीवरच्या उड्या मारताना गरगरलं. सरांना सांगितलेलं नाही. घरीही नाही, कारण घरी कळलं तर क्लास बंद होईल. ती विचारते: ‘इतक्या जड माणसाशी खेळायचं तंत्र काय? की मीच घाबरट आहे? मुलगी म्हणून सवलत मागायची लाज वाटते. मी स्वतः मात्र जीव तोडून मारते, माझ्या मारानं त्यांना काय होणार!’

तुला दोन ओळींचं उत्तर ईमेलनं लगेच पाठवलं होतं, कारण हे सदर छापून येईपर्यंत पुढचा शनिवार उलटून गेला असता. त्या ओळी इथेही देते: या शनिवारी स्पारिंग करायचं नाही, आणि त्याआधी डॉक्टरांकडे जाऊन यायचं. आता सविस्तर.

तू प्रश्न तंत्राचा विचारलास. पण पत्रातली सर्वांत मोठी गोष्ट तू जाता जाता सांगून टाकलीस. दोन दिवस डोकं दुखणं, आकड्यांत गोंधळ, चौथ्या दिवशी गरगरणं. मी डॉक्टर नाही, आणि नुसत्या पत्रावरून निदान डॉक्टरही करणार नाहीत. तरी डोक्यावरच्या फटक्यानंतर ही लक्षणं ओळीनं आली, तर पहिला संशय कन्कशनचा, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्याचा घ्यायचा असतो. बेशुद्ध पडलं तरच कन्कशन, असा समज आपल्याकडे फार पक्का आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा शुद्ध जातच नाही. माणूस उभा राहतो, राउंड संपवतो, ग्लोव्ह्ज काढतो, गाडीला किक मारून घरी जातो, आणि दुसऱ्या दिवशी उन्हामुळे डोकं दुखतंय असं स्वतःला सांगतो. सीटी स्कॅनमध्येही बहुधा काही दिसत नाही. स्कॅन करायचा तो आत रक्तस्राव नाही ना, हाड मोडलेलं नाही ना, हे पाहण्यासाठी. तेव्हा ‘स्कॅन नॉर्मल आला’ या एका वाक्यावर कुणी तुला परत मॅटवर उभं करत असेल, तर ऐकू नकोस.

हेडगियर घातलं होतं, हे तू दोनदा लिहिलंस. ते घालत राहा. पण त्याच्याकडून अपेक्षा बेताची ठेव. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगनं वरिष्ठ पुरुषांच्या लढतींतून हेडगियर काढून टाकलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष बॉक्सर उघड्या डोक्यानं खेळले. त्या निर्णयावर पुष्कळ वाद झाले, होत राहतील. त्या वादात शिरायचं कारण नाही. तुझ्यापुरतं एवढं पुरे की हेडगियरनं भुवई फुटणं, कातडी फाटणं, कानाला मार बसणं कमी होतं. फटक्यासरशी डोकं झटक्यात वळतं आणि कवटीच्या आत मेंदू हलतो, त्याला हेडगियर फारसं अडवत नाही. क्लासमध्ये मात्र ते चढवलं की दोघांचेही हात सैल सुटतात. ‘आता लागणार नाही’ या भरवशावर जोर वाढतो, आणि तो भरवसाच खोटा असतो.

मग करायचं काय? असा फटका बसला की त्या दिवशीचा खेळ तिथेच थांबतो, कितीही बरं वाटत असलं तरी. पुढचे २४ ते ४८ तास विश्रांती. म्हणजे अंथरुणाला खिळून राहणं नव्हे, घरातलं हलकं काम, थोडं चालणं चालतं. मोबाइल आणि लॅपटॉप शक्य तितका कमी. त्यानंतर एकेक पायरी: भरभर चालणं किंवा जागच्या जागी सायकल, मग शॅडो (समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारणं), मग बॅग आणि पॅड, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर सर्वांत शेवटी समोरासमोरचं स्पारिंग. प्रत्येक पायरीवर निदान एक दिवस. एखाद्या पायरीवर डोकं पुन्हा दुखू लागलं किंवा गरगरलं, तर एक पायरी खाली यायचं. तू मंगळवारी सरळ दोरीवर गेलीस, डोक्यानं तिथेच नकार दिला. प्रौढांत हे सगळं निस्तरायला साधारण दोन आठवडे लागतात, काहींना जास्त. सर्वांत जास्त भीती असते ती पहिला हादरा भरून यायच्या आत बसणाऱ्या दुसऱ्या फटक्याची. तो हलका असला तरी महागात पडू शकतो. डोकेदुखीची गोळी घेऊन स्पारिंगला जाणं तर अजिबात नको. गोळीनं दुखणं थांबतं, आणि दुखणं ही तुझ्याकडे असलेली एक मोठी खूण असते.

आणि हे सगळ्याच वाचकांनी लक्षात ठेवावं असं: डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून नीट जागं न होणं, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, फिट येणं किंवा दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं यांतलं काहीही झालं, तर सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल.

यासाठीच घरातल्या एका तरी माणसाला सांग. आईबाबांना नको वाटत असेल तर भावाला, वहिनीला, खोलीतल्या मैत्रिणीला. मेंदूला हादरा बसलेल्या माणसाला स्वतःतला बदल नीट कळत नाही. तो शेजारच्याला कळतो. घरी कळलं तर क्लास बंद होईल ही भीती मला समजते, ती खोटीही नाही. पण उद्या त्यांना हॉस्पिटलातून फोन गेला, तर क्लासबरोबर तुझ्यावरचा विश्वासही जाईल.

आता सरांच्या वाक्याकडे येऊ. ‘जड माणसासमोर टिकलीस की हलकी सोपी जाईल.’ ऐकायला पटतं. क्लासक्लासमध्ये हे वाक्य ऐकू येतं. पण तू ज्या चाचणीला उतरणार आहेस तिचे नियम आठव. लाइट कॉन्टॅक्ट मॅटवर, सलग खेळलं जातं, पण प्रत्येक फटका आवरून मारायचा असतो. जोराचा फटका मारलास तर गुण मिळायचे सोडून ताकीद मिळते, पुन्हा केलंस तर गुण कापले जातात, आणि त्यापुढे बाद. मांडीवर लो किक या प्रकारात नाही. पायाला लावायचं तर घोट्याशी स्वीप, म्हणजे पाय झाडून तोल घालवणं, एवढंच. जिंकते ती, जी आधी पोचते, स्पष्ट लावते आणि लागण्याआधी निघून जाते. वाकोच्या, म्हणजे किकबॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या चौकटीत महिलांचे गट ५०, ५५, ६० असे पाच-पाच किलोंच्या टप्प्यानं जातात. तुझ्यासमोर येईल ती ५० ते ५५ किलोंमधली, बहुधा तुझ्याइतकीच चपळ मुलगी. दादांचा हात येताना दिसतो, त्याला वेळ लागतो. तिचा दिसणार नाही. दर शनिवारी तू ज्या लयीची सवय लावून घेते आहेस, ती लय तुला चाचणीत भेटणारच नाही.

आणि जीव मुठीत धरून केलेल्या स्पारिंगमध्ये माणूस काय शिकतो, तेही बघ. डोळे मिटणं, हनुवटी वर करून मागे झुकणं, सरळ रेषेत मागे पळणं, हातांमागे कोंडून घेणं. तू लिहिलंस की हल्ली पॅडवरही तुझे डोळे मिटतात. त्याला तू भित्रेपणा म्हणतेस. मला तो नीट शिकवला गेलेला धडा वाटतो, फक्त चुकीचा.

हलक्यानं जड माणसाला पाडल्याची जी क्लिप सरांनी क्लासला दाखवली, असं तू लिहिलंस, ती कुठली, हे तुझ्या वर्णनावरून ओळखलं. डिसेंबर २००४, टोकियो डोम, के-वन या व्यावसायिक किकबॉक्सिंग स्पर्धेची शेवटची रात्र, उपांत्यपूर्व लढत. थायलंडचा काओक्लाई आपल्याहून चाळीस किलोंपेक्षा जास्त जड असलेल्या मायटी मोला पहिल्याच राउंडमध्ये उडी मारून डोक्यावर बसवलेल्या किकनं आडवा करतो. मलाही ती लढत फार आवडते. पण काओक्लाई मुए थायच्या, म्हणजे थाय बॉक्सिंगच्या रिंगमध्ये घडलेला व्यावसायिक होता, रेफरी आणि डॉक्टर दोरीपाशी हजर होते, आणि पैसे घेऊन, समजून उमजून तो उतरला होता. क्लिप संपते तिथे रात्र संपली नव्हती, हेही कुणी सांगत नाही: उपांत्य फेरीत त्याच्यापेक्षा जडच असलेल्या मुसाशीनं त्याला गुणांवर हरवलं. शिवाय ज्या थायलंडचं उदाहरण देतात तिथल्या कॅम्पांमध्ये रोजचं स्पारिंग बघावं. वरचेवर लढती खेळणारे ते लोक एकमेकांशी हलक्या हातानं, हसतखेळत, जवळपास चिडवल्यासारखे खेळतात. ताकद पॅडवर आणि बॅगवर काढतात.

‘सवलत’ या शब्दावर तू अडून बसली आहेस, म्हणून त्याबद्दल थोडंसं. वजनगट मुलींसाठी काढलेले नाहीत. पुरुषांच्या बहुतेक झुंजीच्या खेळांत ते आहेत. आपल्याकडे मैदानात कुस्त्यांच्या जोडी लावताना वस्ताद मंडळी पैलवानाला खालून वर न्याहाळतात, अंगमापात तफावत दिसली तर जोड मोडतात, आणि त्या पैलवानाला कुणी भित्रा म्हणत नाही. महाराष्ट्र केसरीचा किताबाचा गटसुद्धा ८६ ते १२५ किलोंचा असतो. तिथेही खालची रेघ आहेच. (तुझे दादा त्या रेघेवर बरोबर बसतात. तू मात्र ३४ किलो खाली आहेस.) तुझ्या जागी ५२ किलोंचा मुलगा असता तरी मी शब्दही न बदलता हेच उत्तर दिलं असतं. खरं तर अशी पत्रं मुलांकडूनही यायला हवीत. ती येत नाहीत, कारण ते दुखणं लपवण्यात तुझ्याहून तरबेज आहेत.

आता जरा कडू. ‘मी जीव तोडून मारते, त्यांना काय होणार’ या वाक्याशी मी थांबले. हलक्या खेळाडूंमध्ये हा समज सर्रास असतो, आणि तो कुणी खोडत नाही. दादा सहा महिन्यांचे विद्यार्थी आहेत. तू पूर्ण ताकदीनं त्यांच्या नाकावर जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) लावतेस. डोळ्यांत पाणी येतं. नवख्या माणसाचा हात त्या क्षणी विचार करून परत येत नाही, तो आपोआप येतो, आणि त्यामागे ८६ किलो असतात. त्यांनी मुद्दाम मारलं असं तूही म्हणत नाहीस, मलाही वाटत नाही. पण राउंडचा जोर ठरवताना तुझाही हात होता. स्पारिंगमध्ये एकानं पूर्ण आणि दुसऱ्यानं निम्म्यानं, असं फार वेळ चालत नाही. जोर वाढत वाढत वरच्याच्या पातळीला जातो. शिवाय तुझ्या मारानं त्यांना काही होत नाही हेही खरं नाही. नाक, डोळा, यकृतावरचा फटका आणि डोक्याला बसणारी किक वजन विचारत नाहीत.

हिशेब साधा आहे. तेवढ्याच वेगानं आलेल्या हातामागे दीडपटीहून जास्त वस्तुमान असेल, तर तो तेवढाच जास्त रेटा घेऊन येतो. तो थोपवायचा तुझ्या मानेनं, आणि तुझी मान त्यांच्या मानेपेक्षा बारीक आहे. तू हात वर धरून फटका ब्लॉकवर घेतलास तरी हातासकट तुझं डोकं हलतं. मानेचे व्यायाम जरूर कर, पण त्यानं हे अंतर भरून निघत नाही. धैर्यानंही भरून निघत नाही. ते भरून काढायचा एकच मार्ग आहे: जड माणसानं आपला जोर खाली आणायचा, आणि तो खाली येतोय की नाही हे प्रशिक्षकानं बघायचं. ही जबाबदारी इतके दिवस तू एकटी उचलत होतीस, म्हणून तुला ती जमत नाहीये.

याचा अर्थ दादांशी कधीच खेळू नकोस, असा नाही. जड जोडीदाराकडून शिकण्यासारखं पुष्कळ असतं, आणि मुरलेला जड खेळाडू तर अनेकदा क्लासमधला सर्वांत सुरक्षित जोडीदार असतो, कारण त्याला आपल्या हाताचं वजन कळलेलं असतं. घातक जोडी होते ती जड आणि नवखा यांची. तुझ्या वाट्याला तीच आली आहे. म्हणून डॉक्टरांनी मोकळं केल्यावर दादांबरोबरचे राउंड अटी ठरवूनच खेळ.

पहिले काही आठवडे त्यांच्या बाजूनं डोक्याला हात लावायचाच नाही, फक्त खांद्याखाली, तोही स्पर्शापुरता. तू सगळं वापर, पण तूही स्पर्शापुरतंच. दुसऱ्या राउंडला त्यांनी फक्त पुढच्या हाताचा जॅब वापरायचा, मागचा हात गालाशी. आणि मला स्वतःला सर्वांत उपयोगी वाटणारा राउंड असा: दादा एकही फटका मारत नाहीत, हात वर धरून फक्त चालत येतात, तुला मॅटच्या कोपऱ्यात दाबू बघतात. तुला दोन मिनिटं कोपऱ्यात न सापडता, लावून निसटायचं आहे. अंगावर चालून येणाऱ्या मोठ्या देहाचं दडपण यात पुरेपूर मिळतं, आणि डोक्याला काही लागत नाही. सरांना तुझं मन घट्ट करायचं असेल, तर ते या राउंडमध्ये होईल. लो किक बंदच ठेवा. तुझ्या प्रकारात ती नाही, आणि त्यांची नडगी तुझ्या मांडीवर बसण्यात कुणाचंच भलं नाही. त्यांच्या हातात १६ औंसाचे, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमचे जाड ग्लोव्ह्ज असावेत. क्लासच्या खोक्यातले, मुठीवरचा फोम बसून गेलेले जुने ग्लोव्ह्ज नकोत. दोघांनाही शिनगार्ड, आणि माऊथगार्ड स्वतःचा, दातांवर नीट बसवून घेतलेला.

तंत्र विचारलंस तर तेही सांगते, पण वरचं झाल्यावर. जड माणसासमोर सर्वांत वाईट जागा म्हणजे त्याच्या हाताच्या टोकापाशी, जिथे त्याचा फटका पूर्ण उघडतो आणि तुझा जेमतेम पोचतो. तू बहुतेक वेळ तिथेच उभी असतेस, असं तुझ्या वर्णनावरून वाटतं. त्यापेक्षा एक पाऊल बाहेर राहा, आत शिरलीस तर दोन लाव आणि नीघ. तिसऱ्याचा मोह नको. त्यांचं उत्तर तिसऱ्यालाच येतं. निघताना सरळ मागे जाऊ नकोस. दोघंही डावा पाय पुढे ठेवून उभे असाल तर तुझ्या उजवीकडे सरक. म्हणजे त्यांच्या उजव्या हातापासून तू लांब जातेस. त्या बाजूला त्यांचा डावा हुक (बाजूनं वळून येणारा ठोसा) असतो, म्हणून तुझा उजवा हात गालावरून हलता कामा नये. पोटावर पुढून लावलेल्या किकनं ते मागे जाणार नाहीत. तूच मागे जाशील. जाऊ दे, ती किक त्यांना ढकलायला न वापरता स्वतः बाहेर पडायला वापर. आणि हुलकावण्या दे. खांदा हलवून, गुडघा उचलून त्यांना प्रतिक्रिया द्यायला लाव. मोठ्या शरीराला चुकीच्या दिशेनं निघाल्यावर परत यायला वेळ लागतो.

एवढं सगळं करूनही आपल्या वजनाच्या जोडीदाराची जागा हे भरून काढणार नाही. शहरातल्या दुसऱ्या क्लासेसमध्ये तुझ्या वजनाच्या मुली असणारच. चाचणीच्या यादीतच त्या आहेत. दोन क्लासेसनी मिळून एखाद्या रविवारी स्पारिंग ठेवण्यात अडचण असते ती फक्त सरासरांमधल्या मानापमानाची. तू सुचवून बघ. बॉक्सिंग शिकणारी हलक्या वजनाची मुलगी मिळाली तरी हातांचं काम होतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांशी खेळायला सांगितलं, तर लक्षात ठेव की तिथे तू मोठी आहेस. त्यांच्या डोक्याला आपल्याहून जास्त जपावं लागतं.

सरांशी बोलायचं कसं, हा तुझा खरा अडसर आहे असं मला वाटतं. बॅचसमोर नको, बॅच सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं. ‘सर, मला भीती वाटते’ अशी सुरुवात केलीस तर ते समजूत घालतील. झालेलं सांग: ‘सर, त्या शनिवारी डोक्याला लागलं, तीन-चार दिवस त्रास झाला, डॉक्टरांनी अमुक सांगितलंय. तोपर्यंत मी पॅड आणि फूटवर्क करते. नंतर दादांबरोबर ठरवून राउंड द्या, आणि राउंड चालू असताना तुम्ही मॅटपाशी थांबा.’ शेवटचं वाक्य गाळू नकोस. तुझ्या पत्रात एक उल्लेख आहे की शनिवारी सर बहुधा दुसऱ्या बाजूला लहान मुलांची बॅच बघत असतात. ३४ किलोंच्या फरकाचं स्पारिंग कुणाचं लक्ष नसताना होतं, ही गोष्ट मला त्या क्रॉसपेक्षा जास्त खटकली.

दादांशी ग्लोव्ह्ज चढवायच्या आधी बोल. ‘दादा, आज अगदी हलकं. माझं जास्त झालं तर मलाही सांगा.’ दुसरं वाक्य महत्त्वाचं, त्यानं बोलणं तक्रारीचं राहत नाही. माझा अंदाज आहे की त्यांना सुटल्यासारखं वाटेल. क्लासमधल्या धिप्पाड नवख्याला एकाच संध्याकाळी ‘मार, मार, लाजतोस काय’ आणि ‘अरे हळू, मुलगी आहे’ अशी दोन्ही वाक्यं ऐकावी लागतात. नेमका किती जोर, हे कुणी सांगत नाही. राउंडमध्ये जोर वाढला तर एक पाऊल मागे ये, हात वर कर, ‘दादा, हलकं’ म्हण. दुसऱ्यांदा वाढला तर ग्लोव्ह्ज काढ आणि त्या दिवसापुरती बाहेर ये. कारण द्यायची गरज नाही.

जड वाचकांनो, हे तुमच्यासाठी: समोरचा हलका खेळाडू हसत असला म्हणजे त्याला लागत नाही असं नसतं. राउंड संपल्यावर विचारा, ‘जोर कसा होता?’ आणि ‘ठीक होता’ असं तोंडदेखलं उत्तर आलं तर पुढच्या राउंडला आणखी कमी करा. तुम्हालाही यात शिकायला आहे. ताकद बाजूला ठेवल्यावर उरतं ते तुमचं तंत्र, आणि चपळ माणसाला नुसता स्पर्श करणं किती अवघड आहे ते तेव्हाच कळतं.

चाचणीबद्दल. पाच आठवडे आहेत, त्यातले पहिले दोन-तीन स्पर्शाविना गेले तरी पाय, अंतर आणि दम यांवर काम करता येतं. पण डॉक्टरांनी तोवर मोकळं केलं नाही, तर या वर्षीची चाचणी सोड. घरी न सांगता, सरांना न सांगता, लक्षणं लपवून उतरायचा विचार मनात आला असेल तर तो इथेच मोडून काढ.

आणि सर? त्यांच्यावर मी लगेच शिक्का मारणार नाही. त्यांना डोकेदुखीचं माहीतच नाही. तू सांगितलेलं नाहीस. सांगितल्यावर ते काय करतात, ते बघ. त्यांनी वेळापत्रक बदललं, शनिवारी मॅटपाशी उभे राहिले, तर दीड वर्षाची ओळख सोडून जायचं कारण नाही. ते हसले, ‘एवढ्यानं काय होतं’ म्हणाले आणि त्याच आठवड्यात पुन्हा उभं केलं, तर क्लास बदल. तीन महिन्यांची फी भरलेली आहे हे तू लिहिलंस. ती बुडू दे. नवा क्लास शोधताना भिंतीवरची मेडलं आणि प्रमाणपत्रं बघत बसू नकोस. स्पारिंगच्या दिवशी जा, कडेला अर्धा तास बस, आणि तिथला सर्वांत जड माणूस सर्वांत हलक्याशी कसा खेळतो तेवढं बघ. बाहेरच्यांना स्पारिंग बघू देत नाही असं म्हणाले, तर पुढच्या क्लासचा पत्ता काढ.